यादीत नाव नसलं की काय करायचं: शाळकरी क्रिकेटपटूच्या पालकांसाठी

मुंबईत मुलगा शाळेकडून क्रिकेट खेळायला लागला की सल्ले फुकट मिळतात. इंग्लिश विलोची महागडी बॅट घ्या, खासगी नेट लावा, अमुक अकादमीत घाला. ही सगळी पैसे खर्च करायची कामं, ती कुणालाही जमतात. पालक अडतात ते भलतीकडेच, म्हणून आधी सोपं उरकून घेऊ.

बॅट आजच्या उंचीची घ्या, 'वर्षभरात वाढेल' म्हणून मोठी नको. जड बॅट सरळ खाली येत नाही, मुलगा आडवा खेळायला लागतो. सीझन बॉल, म्हणजे कडक चामडी चेंडू, सुरू झाला की हेल्मेट आणि गार्डात काटकसर नाही. जन्मदाखला खराच द्या. वय चोरायला सुचवणारा कुणीतरी भेटतोच, पण सोळा वर्षांखालच्या गटात मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय तपासतात. डब्यात पोळीभाजी आणि केळी, सोबत पाण्याची जास्तीची बाटली. आणि नेटमागे उभं राहून 'पुढे ये, पुढे ये' ओरडू नका. एका नेटला एक सर पुरतात.

आता खरा अवघड टप्पा. मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धांपैकी गाइल्स शिल्ड १४ वर्षांखालच्यांची, हॅरिस शिल्ड १६ वर्षांखालच्यांची. संघाची यादी येते आणि तीत नाव नसतं. आमच्या घरी सगळ्यात जड गेलेला भाग हाच.

हल्ली यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. घरभर ती वाचून होते आणि मुलाला आपल्या चेहऱ्यांवरून कळतं. तसं नको. फोन त्याच्या हातात द्या, त्याचं त्याला वाचू द्या. रडला तर रडू द्या, जेवला नाही तर ताट झाकून ठेवा. त्या रात्री सरांना फोन नाही आणि 'सहज विचारतोय' असा मेसेजही नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, मुलाच्या कानावर 'वशिला' हा शब्द पडू देऊ नका. अमक्याचे वडील कमिटीत आहेत, तमक्याने शाळेला देणगी दिली, हे खरं असलं तरी त्याच्यासमोर नको. एकदा त्याच्या डोक्यात बसलं की सगळं आधीच ठरलेलं असतं, की पहाटे उठून नेटला जायला त्याच्याकडे कारणच उरत नाही. तुमचा राग तासाभरात निवतो, पण मुलगा तेच वाक्य पुढच्या मोसमात तुम्हाला ऐकवतो.

दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग सरांशी त्यालाच बोलायला लावा. 'मला का नाही घेतलं' असं विचारलं की सर बचावाचं उत्तर देतात. 'सर, मी कशावर काम करू?' असं विचारलं की नेमकं काहीतरी हाती लागतं, समजा, डीपवरून, म्हणजे सीमारेषेजवळून, थ्रो पोचत नाही. इथे तुमची गरज आहे. सोसायटीच्या भिंतीवर खडूने स्टंपाएवढी चौकट काढा, मुलाला दूर उभं करा आणि चेंडू आणून द्यायचं काम तुम्ही करा. शिकवायचं मात्र नाही.

राखीव खेळाडूंत नाव असेल तर किट घेऊन पाठवाच. 'पाणी द्यायला नाही पाठवत पोराला' असं म्हणणारे पालक मला कळतच नाहीत. बदली क्षेत्ररक्षक म्हणून उतरायची पाळी कधीही येते. १९८८ साली हॅरिस शिल्डमध्ये तेंडुलकर-कांबळी यांनी ६६४ धावांची भागीदारी केली, तेव्हा पुढचा फलंदाज अमोल मुझुमदार पॅड बांधून बसून राहिला. त्याने पुढे रणजी पदार्पणात २६० केल्या. भारताकडून खेळायला त्याला कधीच मिळालं नाही, पण २०२५ मध्ये महिला संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा मुख्य प्रशिक्षक तोच होता. हे मुलाला ऐकवायला नाही हं, तुमच्यासाठी सांगतोय.

मारहाण, शिवीगाळ, दुखापत असताना खेळवणं किंवा निवडीसाठी पैसे मागणं, यातलं काही कळलं तर वाट बघू नका. त्याच दिवशी स्वतः शाळेत जा. बाकी तक्रारी थांबू शकतात.

आणि पुढच्या यादीत नाव आलं तर स्टेटसला फोटो टाकायच्या आधी मुलाला विचारा. बऱ्याचदा तो नको म्हणतो, कारण या वेळी ज्याचं नाव गळलं तो नेटमध्ये रोज त्याच्यासोबत असतो.