पोटातला रक्तस्राव : हिमोफिलिया असलेल्या घराची तयारी

हिमोफिलियात, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, गुडघ्यात रक्त उतरलं की सूज दिसते. पोटातलं दिसत नाही. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांना खुणा माहीत हव्यात. शौच डांबरासारखी काळी आणि चिकट झाली, उलटीत रक्त पडलं किंवा उभं राहताना अंधारी आली, तर सकाळ व्हायची वाट पाहायची नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण तेवढ्या अंदाजावर घरी थांबू नका.

एक कागद कायम पिशवीत असू द्या. हिमोफिलिया ए, बी की व्हॉन विलब्रँड (रक्त नीट न गोठण्याचाच दुसरा आजार), इनहिबिटर (दिलेलं औषध निकामी करणारी प्रतिपिंडं) आहे का, रक्तगट, शेवटचा फॅक्टर (इंजेक्शनने दिला जाणारा रक्त गोठवणारा घटक) कधी आणि किती घेतला, हे सगळं त्यावर हवं. वजन ताजंच लिहा, कारण डोस त्यावरच ठरतो. किलोमागे एक युनिट फॅक्टर आठ (हिमोफिलिया ए साठी) दिला की त्याची रक्तातली पातळी साधारण 2 टक्के वाढते, फॅक्टर नऊने (हिमोफिलिया बी साठी) 1 टक्का. पोटातल्या रक्तस्रावात हिमोफिलिया ए असेल तर पातळी 80 ते 100 टक्क्यांवर न्यायची असते. म्हणजे 50 किलोच्या माणसाला सुरुवातीलाच 2000 ते 2500 युनिट. एमिसिझुमॅब (रक्तस्राव होऊ नये म्हणून घ्यायचं इंजेक्शन) चालू असेल तर ते ठळक अक्षरांत लिहा : त्यावर एपीटीटीचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचा) रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. व्हॉन विलब्रँडमध्ये नुसता फॅक्टर आठ पुरत नाही, व्हॉन विलब्रँड फॅक्टर असलेलंच औषध लागतं.

आपल्या नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातल्या हिमोफिलिया डे केअरचा नंबर आणि वेळा आजच विचारून ठेवा. रात्री फॅक्टर कुठे मिळेल, हेही तेव्हाच विचारा. पेठ-सुरगाण्याकडच्यांनी तर नक्कीच, कारण त्यांचा वेळ घाटातच जातो. घरी फॅक्टर असेल तर डॉक्टरांना फोन करून निघण्याआधीच द्या आणि उरलेला बर्फाच्या डब्यात बरोबर घ्या. गाडी नसेल तर 108 लावा. वाटेत खायला-प्यायला काही देऊ नका.

कॅज्युअल्टीत पोचल्यावर एकच वाक्य ठामपणे सांगा : आधी फॅक्टर, मग एंडोस्कोपी. दुर्बिणीच्या तपासणीला उशीर नको, पण फॅक्टर न देता ती करायची नाही. हे सांगायला संकोच वाटतो, मला माहीत आहे, तरी बोला. कमरेत किंवा दंडात, म्हणजे स्नायूत, इंजेक्शन घेऊ नका.

रक्त थांबलं तरी फॅक्टर सहसा 7 ते 14 दिवस चालतो. तेवढ्या दिवसांची रजा आणि सोबतीला माणूस ठरवूनच ठेवा. घरातल्या ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक काढून टाका. दुखलं तर पॅरासिटामॉल. आणि घरी सोडताना एच. पायलोरीची (पोटात अल्सर करणाऱ्या जंतूची) तपासणी झाली का, ते विचारा.