पटल काळं पडेपर्यंत

ॲम्फोटेरिसिन-बी या बुरशीनाशक औषधावर काम करायला आलेल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला औषधाची घाई असते. मलाही होती. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांचे नातेवाईक याच इंजेक्शनसाठी महाराष्ट्रभर वणवण करत होते. हे औषध बुरशीला नेमकं करतं काय, ते मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तरी माझं ऐका, सुरुवातीचे दोन महिने नुसतं पटल, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची नक्कल, बनवायला शिका. टेफ्लॉनच्या कपाच्या भिंतीत मिलिमीटरभर भोक, दोन्हीकडे पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण. डेकेनमध्ये विरघळवलेलं लिपिड (पटलातला स्निग्ध पदार्थ) आणि एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पटलातलं स्टेरॉल) बारीक ब्रशने भोकावर फासायचं आणि भिंगाला डोळा लावून बसायचं. आधी करडा पडदा दिसतो, मग साबणाच्या फुग्यावरचे रंग, मग कडेला एक काळा ठिपका उमटतो आणि बघता बघता भोकभर पसरतो. तिथे उरलेला असतो रेणूंचा जेमतेम दुहेरी थर, चार-पाच नॅनोमीटरचा. माझा श्वास अजूनही तिथे अडकतो.

मग औषध. त्याच्या रेणूची एक बाजू पाण्याशी जमवून घेणारी, दुसरी पाणी टाळणारी. पिंपाच्या फळ्यांसारखे हे रेणू स्टेरॉलच्या सोबतीने गोल उभे राहतात आणि मधल्या पोकळीतून आयन वाहतात, असं चित्र 1974 मध्ये मांडलं गेलं. बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत कोलेस्टेरॉल. औषधाची ओढ एर्गोस्टेरॉलकडे जास्त, पण कोलेस्टेरॉलही त्याला अगदीच परकं नाही. मूत्रपिंडांना होणाऱ्या त्रासाचं एक कारण हेच मानतात. 2014 मध्ये दुसरं चित्र पुढे आलं: रेणू पटलाबाहेर गोळा होऊन स्पंजासारखं एर्गोस्टेरॉल ओढून घेतात आणि बुरशी मुख्यतः त्याने मरते. दोन्ही बाजू वाचल्याशिवाय प्रयोग आखू नका.

अशी पोकळी, म्हणजे चॅनेल, उघडला की संगणकाच्या पडद्यावर करंट पायरीसारखा चढतो, काही पिकोॲम्पिअरने. तिसऱ्या महिन्यात मला अशा सुरेख पायऱ्या मिळाल्या. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी एवढंच विचारलं, "नुसतं डीएमएसओ घालून पाहिलंस?" म्हणजे औषध ज्यात विरघळवतो ते द्रावक, औषधाविना. पाहिलं. त्याच पायऱ्या! आदल्या दिवशीचं औषध कपाला चिकटून राहिलं होतं. महिन्याभराच्या नोंदी मी खोडल्या, त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता कप क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने धुते, आणि औषधाविना करायच्या नोंदींसाठी वेगळा ठेवलाय. त्याला लाल पट्टी आहे. त्या कपात औषध कधीच जात नाही.