साताऱ्यात बसून महिला गोल्फची मेजर स्पर्धा कशी पाहावी

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाने टीव्हीवर गोल्फ लावला, तर दहा मिनिटांत तो रिमोट शोधायला लागतो. चेंडू दिसत नाही, मैदान संपत नाही, शंभरावर खेळाडू एकाच वेळी कुठे ना कुठे खेळत असतात आणि कॅमेरा एकीवरून दुसरीवर उड्या मारत राहतो. प्रेक्षकाचा यात काही दोष नाही. गोल्फ चेंडूवर डोळे लावून पाहायचाच नसतो. आकडे वाचत, एखाद-दुसऱ्या खेळाडूचा माग काढत तो पाहायचा. त्यासाठी गावात गोल्फचं मैदान असावं लागत नाही. फोन आणि बरी रेंज एवढं पुरतं.

आधी स्पर्धा निवडा, तीही घड्याळ पाहून

महिलांच्या व्यावसायिक गोल्फमध्ये वर्षाला पाच मेजर, म्हणजे सगळ्यात मानाच्या, स्पर्धा होतात. एप्रिलच्या सुमारास शेवरॉन, मग यूएस वुमेन्स ओपन आणि जूनमध्ये वुमेन्स पीजीए. या तिन्ही अमेरिकेत. जुलैत फ्रान्समध्ये एव्हियन आणि जुलैअखेर-ऑगस्टमध्ये ब्रिटनमधली वुमेन्स ओपन.

मान सगळ्यात जास्त यूएस ओपनला. ती 1946 पासून चालत आली आहे आणि बक्षिसाची रक्कमही तिथे डोळे फिरवणारी असते. तरी सुरुवात तिथून करू नका. अमेरिकेचा पूर्व किनारा उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतो. तिथे रविवारी संध्याकाळी सहाला शेवटचा चेंडू होलमध्ये, म्हणजे खड्ड्यात, जातो, तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. नवख्याने एवढं जागरण करू नये. खेळावरच राग बसतो.

पहिल्यांदा पाहायची ती एव्हियन. फ्रान्स उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. तिथे दुपारचे पाच म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. जेवणाची वेळ आणि खेळातला कळसाचा क्षण जवळजवळ एकत्र येतात. ब्रिटनची स्पर्धा आणखी तासभर उशिरा, तीही जमण्यासारखी. मात्र हे दिवस आपल्याकडे धो-धो पावसाचे. वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून फोन दुपारीच चार्ज करून ठेवा.

बाटलीबंद पाण्यामुळे एव्हियन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, गाव तेच. जिनिव्हा सरोवराच्या काठी, आल्प्सच्या पायथ्याला. स्पर्धा 1994 मध्ये सुरू झाली आणि 2013 मध्ये तिला मेजरचा दर्जा मिळाला. मैदान उतारावर आहे: यवतेश्वरच्या चढावर कुणी गालिचे अंथरले आणि त्यावर चेंडू थांबवून दाखवा म्हणाला, तर जशी गत होईल तशी. टीव्हीवर हा उतार सपाट दिसतो, तिथेच आपली फसगत होते. म्हणून पट, म्हणजे जमिनीवरून होलकडे चेंडू ढकलण्याचा हलका फटका, मारण्याआधी खेळाडू कुठे पाहते ते बघा. ती होलकडे न मारता बाजूला हातभर अंतरावर नेम धरत असेल, तर उतार किती आहे ते तिच्या नजरेवरून कळतं.

फलक वाचायला शिका

ही पायरी घाईने उरकू नका. सगळी मजा इथे आहे.

गोल्फमध्ये कमी फटके मारणारी जिंकते. प्रत्येक होलसाठी, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून खड्ड्यापर्यंतच्या टप्प्यासाठी, अपेक्षित फटके ठरलेले असतात, तीन, चार किंवा पाच. त्याला पार म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, एक जास्त लागला तर बोगी. अठरा होलची एक फेरी, गुरुवार ते रविवार अशा चार फेऱ्या. एव्हियनच्या मैदानाचा पार 71 आहे, म्हणजे चार दिवसांचा 284. ग्रेस किमने 2025 मध्ये 270 फटक्यांत काम संपवलं, म्हणून तिच्या नावापुढे उणे 14 दिसत होतं. एकूण फटके लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका. उणे किती, एवढंच पाहा. उणेही नाही आणि अधिकही नाही अशा खेळाडूपुढे इंग्रजी ‘ई’ असतो.

त्याच्या शेजारी ‘थ्रू’ नावाचा रकाना असतो. नवखे नेमके त्याकडे दुर्लक्ष करतात. आज किती होल झाले ते तो सांगतो. उणे 9 वर असलेल्या एकीचे 17 होल झालेत आणि उणे 8 वर असलेल्या दुसरीचे 11, तर माझ्या हिशेबी दुसरी पुढे आहे, कारण तिच्या हातात सात होल शिल्लक आहेत. एखाद्या आकड्यावर चांदणी दिसली, तर त्या खेळाडूने दहाव्या होलपासून सुरुवात केली आहे असं समजा. पहिल्या दोन दिवसांत गर्दी आवरण्यासाठी निम्म्या जणींना तिथून सोडण्याची पद्धत आहे.

हा फलक एलपीजीए या महिला गोल्फ संघटनेच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर फुकट मिळतो. प्रक्षेपण कुठल्या वाहिनीवर आहे ते स्पर्धेच्या आठवड्यातच तपासा, कारण हे हक्क बदलत असतात. चित्र नाही मिळालं तरी नुसत्या फलकावर एक संध्याकाळ मजेत जाते.

एक खेळाडू आपली माना

साताऱ्यात अदिती म्हटलं की आधी आठवते ती आपली तिरंदाज अदिती स्वामी. 2023 मध्ये बर्लिनला ती कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली, तेव्हा 17 वर्षांची होती. गोल्फमधली अदिती अशोक बंगळुरूची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये माणच्या ललिता बाबर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावल्या, त्याच ऑलिंपिकमध्ये ही 18 वर्षांची पोरगी गोल्फ खेळत होती. पाच वर्षांनी टोकियोत ती चौथी आली. कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. तो दिवस होता 7 ऑगस्ट 2021. संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्याचं सुवर्ण जिंकलं आणि सकाळचा तो चौथा क्रमांक कुणाच्या लक्षातच राहिला नाही. मला याची अजून चुटपूट लागते.

दीक्षा डागरही लक्षात ठेवा: डावखुरी, ऐकू कमी येणारी, डेफलिंपिकची सुवर्णविजेती. यापैकी कुणी मैदानात असेल तर तिचीच टी-टाइम, म्हणजे खेळ सुरू करण्याची वेळ, लिहून ठेवा आणि त्यात साडेतीन तास मिळवा. कुणीच नसेल तर थायलंडची जीनो थितिकुल किंवा न्यूझीलंडची लिडिया को घ्या. को 2015 मध्ये एव्हियनलाच पहिली मेजर जिंकली, तेव्हा 18 वर्षांची होती.

शुक्रवारी तळाकडे पाहा

दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो. साधारण निम्म्या खेळाडू शनिवार-रविवारसाठी राहतात, बाकीच्या सामान आवरतात. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी फलकाचा वरचा भाग सोडून द्या आणि कटच्या रेषेपाशी थांबा. शेवटच्या होलवर पार हवा की बर्डी, यावर एखादीचा आठवडा ठरत असतो. भारतीय खेळाडूंची झुंज बऱ्याचदा इथेच चालते. शनिवारी फार काही ठरत नाही. बाजारहाट करून घ्या.

रविवारी शेवटपर्यंत उठू नका

शेवटच्या दिवशी आघाडीच्या खेळाडू सगळ्यात शेवटी निघतात. संध्याकाळी सातपासून बसलात तरी चालेल, पण एव्हियनचा अठरावा होल चुकवू नका. तो पार पाचचा आहे, तिथे ईगल होऊ शकतो आणि जिंकलेला डाव फिरू शकतो. 13 जुलै 2025 ला तेच झालं. ग्रेस किमने अठराव्यावर ईगल करून थितिकुलला गाठलं. मग प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी जादा खेळ. पहिल्याच वेळी किमचा चेंडू पाण्यात गेला, दंडाचा फटका बसला. बाई संपली असं वाटत असताना तिने ग्रीनबाहेरून, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या बाहेरून, मारलेला चेंडू थेट होलमध्ये गेला. बर्डी! पुन्हा बरोबरी, पुन्हा तोच होल, आणि तिथे तिचा दुसरा ईगल. त्या रात्री ज्यांनी शेवटच्या होलआधी टीव्ही बंद केला, त्यांना नंतर पाहायला फक्त चित्रफितीच उरल्या.

आवड लागलीच तर

हिरो वुमेन्स इंडियन ओपन ही आपल्याकडची व्यावसायिक स्पर्धा. मेजर नव्हे, पण महिलांच्या युरोपीय टूरवरची, आणि अलीकडच्या वर्षांत गुरुग्रामला होत आली आहे. अदिती अशोकने ती 2016 मध्ये जिंकली होती. साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते. पुढे गुरुग्रामला मेट्रोने जाता येतं. मैदानावर सपाट तळव्याचे बूट घाला, फोन मुका ठेवा आणि खेळाडू चेंडूसमोर उभी राहिली की बोलणं आणि हालचाल दोन्ही थांबवा. दिवसभर एकाच जोडीमागे चालण्यापेक्षा सकाळी चार-पाच होल चाला आणि दुपारी पार तीनच्या एखाद्या ग्रीनजवळ बसून राहा. तिथे पहिला फटका पडतानाही दिसतो आणि शेवटचा पटही.