लेकरू वाचताना अडतंय? शिकवणी लावण्याआधी एवढं तपासा

तिसरी-चौथीतलं लेकरू अख्खा धडा घडाघडा म्हणून दाखवतं. त्याच धड्यातल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारलं की मात्र गप्प बसतं. घरात त्याचं निदान ठरलेलं असतं: लक्ष नाही, नाहीतर मोबाईलनं वाटोळं केलं. मग शिकवणी लागते, तिथे पुन्हा तेच पाठांतर होतं आणि एक वर्ष हातचं जातं.

पहिल्यांदा हजेरी बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातलं लेकरू दिवाळीच्या सुमारास शाळा सोडतं आणि मार्च-एप्रिलला परततं. असे दोन हंगाम गेले असतील, तर वर्गात जोडाक्षरं शिकवली तेव्हा ते फडावर होतं. ही अध्ययन अक्षमता (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन न जमणं) नव्हे, हा बुडालेला अभ्यास आहे आणि तो भरून निघतो. पुढच्या खेपेसाठी हंगामी वसतिगृहाबद्दल मुख्याध्यापकांना टोळी निघण्याच्या महिनाभर आधी विचारा. घरात गोरमाटी (बंजारा बोली) किंवा दखनी बोलत असतील, तर पुस्तकातली मराठी लेकराला शाळेतच भेटते. त्याला वाचायला देण्याआधी शब्दाचा अर्थ सांगा.

मग डोळे आणि कान. फळ्यावरचं उतरवताना चुका आणि पुस्तकातलं बरोबर, असं असेल तर आधी नंबर तपासा. कान वाहत असेल किंवा मळ साचला असेल, तर ‘ट’ आणि ‘ठ’ सारखेच ऐकू येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा लेकराला त्या दिवशी घरी ठेवू नका.

आता घरची चाचणी. मागच्या इयत्तेच्या पुस्तकातलं, लेकराने पाठ न केलेलं पान घ्या. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि बरोबर वाचलेले शब्द मोजा. मध्ये टोकू नका, चुकलेला शब्द फक्त वहीत टिपून ठेवा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानाच्या उद्दिष्टांप्रमाणे दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीत किमान 60 शब्द अर्थ समजून वाचता यायला हवेत. तिसरी संपत आलेलं लेकरू 20-25 शब्दांवरच थांबत असेल, तर पुढच्या वर्गात आपोआप जमेल म्हणून वाट बघू नका. शेवटी तेच पान तुम्ही वाचून दाखवा आणि दोन प्रश्न विचारा. ऐकून उत्तरं बरोबर आली, तर समज चांगली आहे, गाडी अक्षरांवर अडते आहे. या एका गोष्टीने ‘ढ’ हा शिक्का निम्मा पुसला जातो.

टिपलेल्या चुका नीट बघा, उपाय त्यांच्यातच सापडतो. ध-घ, भ-म, ब-व या जोड्या गोंधळतात का? ‘कि’मधली वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर, तिथे अडतं का? ‘र’ तर मोठा खोडकर: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो.

गोंधळणारी दोन अक्षरं एकाच दिवशी समोरासमोर ठेवून शिकवायची नाहीत. बहुतेक घरांत नेमकं तेच होतं आणि गोंधळ पक्का होतो. आधी फक्त ‘घ’ घ्या. परातीत ज्वारीचं पीठ पसरा, लेकराला बोटाने मोठं अक्षर काढू द्या आणि काढतानाच मोठ्याने म्हणू द्या. घर, घास, घडा असे ओळखीचे शब्द जोडा. आठवडाभर चूक झाली नाही की मग ‘ध’. रोज 20 मिनिटं पुरेत: पाच मिनिटं पीठ, पाच मिनिटं शब्दपट्ट्या (पाच नव्या, दहा जुन्या), दहा मिनिटं सोबत वाचन. सोबत वाचन म्हणजे दोघांनी एकाच वेळी, ओळीखाली पट्टी सरकवत वाचायचं. आईला वाचता येत नसेल तर ताईदादाला बसवा. रात्री जेवणानंतर पेंगत असताना बसवलं तर त्याचा काही उपयोग नाही. धपाटा घातला की लेकरू वाचायचं सोडून तोंडाकडे बघून अंदाज करायला लागतं.

गणितातही एक खास मराठी अडचण आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतो, म्हणून लेकरू 52 लिहितं. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी मांडणी दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण अडणाऱ्या लेकराला ती कामी येते. चिंचोक्यांचे दहा-दहाचे ढीग करून आधी ‘वीस पाच’, मग ‘पंचवीस’.

या काळात दोन मोह टाळा. एक, माध्यम बदलून इंग्रजी शाळेत घालणं, कारण तिथे जुनी अडचण राहतेच आणि नव्या लिपीची भर पडते. दुसरा, नवोदय आणि शिष्यवृत्तीचा वर्ग. आपल्याकडे लातूर पॅटर्नचा असा धाक आहे की चौथीतल्या लेकराकडेही ‘नीट’ या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या नजरेने बघतात. ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, त्याला सराव प्रश्नसंच देऊन काय मिळणार?

आठ आठवडे रोज करूनही मिनिटाचे शब्द जेमतेम हलले, तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. पुढची पायरी जिल्हा रुग्णालय. तिथे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. सोबत चालू वह्या, दोन वर्षांची प्रगतिपत्रकं, वर्गशिक्षकांचं पत्र आणि आधार न्या. स्वच्छ उतरवलेली वही नको, चुकांची वही न्या. बुद्ध्यांक आणि वाचन-लेखनाच्या चाचण्या एका फेरीत होतीलच असं नाही.

विशिष्ट अध्ययन अक्षमता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र साधारणपणे आठव्या वर्षानंतर मिळतं आणि चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. युडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास मिळतो. गरजेनुसार लेखनिकही मिळतो. दहावीचा प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो: लातूर, धाराशिव, नांदेडचा लातूरला आणि बाकी मराठवाड्याचा छत्रपती संभाजीनगरला. म्हणून नववीतच कागद तयार ठेवा. शाळेत फक्त झेरॉक्स द्या, मूळ प्रमाणपत्र घरीच राहू द्या.