भारांक शून्य आला तेव्हा

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी कास्टिंगच्या (धातूच्या ओतीव भागांच्या) पुरवठादारांची निवड हा विषय घेतला होता. पाच पुरवठादार आणि चार निकष: किंमत, दर्जा, वेळेवर डिलिव्हरी आणि तक्रारीनंतरची सेवा. एएचपी म्हणजे निकषांची दोन-दोन करून तुलना विचारायची आणि त्या उत्तरांवरून प्रत्येक निकषाचा भारांक, म्हणजे महत्त्वाचा वाटा, काढायचा. टॉपसिस आणि व्हिकोर या पर्यायांची क्रमवारी लावायच्या दोन पद्धती. फझी म्हणजे उत्तर एका नेमक्या आकड्याऐवजी अंदाजाच्या पट्ट्यात धरायचं. फझी एएचपीने भारांक काढायचे, मग फझी टॉपसिस आणि फझी व्हिकोरच्या क्रमवाऱ्या ताडून बघायच्या, एवढंच ठरलं होतं.

पहिल्याच टप्प्यात सेवेचा भारांक शून्य आला. पर्चेसमधल्या साहेबांनी सेवेला कमी महत्त्व दिलं होतं हे खरं, पण ती नकोच असं ते कुठे म्हणाले होते? दोन दिवस मी एक्सेलमध्ये चूक शोधत होतो. चूक पद्धतीच्या निवडीत होती. मी चँग यांची 1996 ची एक्स्टेंट ॲनालिसिस वापरली होती. तिच्यात दोन त्रिकोणी फझी संख्यांची (किमान, सर्वात संभाव्य आणि कमाल अशा तीन आकड्यांनी दाखवलेल्या अंदाजांची) तुलना होते, आणि लहान संख्येचा त्रिकोण मोठीच्या त्रिकोणाला कुठे शिवलाच नाही, तर लहान संख्या मोठी असण्याची शक्यता शून्य धरली जाते. तोच आकडा पुढे भारांक म्हणून येतो. वांग, लुओ आणि हुआ यांनी 2008 मध्ये हा दोष दाखवून दिलाय. तो पेपर मी आधी वाचायला हवा होता. मग साहेबांची तीच उत्तरं घेऊन बकली यांची 1985 ची भूमितीय मध्याची पद्धत लावली. सेवेला थोडा का होईना, भारांक मिळाला.

आणखी एक, उत्तरं फझी करण्याआधी त्यांची सुसंगती तपासा. एएचपी मांडणाऱ्या सॅटी यांच्या नियमाप्रमाणे सुसंगती गुणोत्तर (उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत ते सांगणारा आकडा) 0.10 च्या आत हवं. विसंगत उत्तरांवर त्रिकोण चढवले म्हणून ती सुधारत नाहीत.

क्रमवाऱ्यांची तुलना बहुतेक जण स्पिअरमन सहसंबंधाने करतात; दोन क्रमवाऱ्या तंतोतंत जुळल्या तर तो 1 येतो. मीही केली. 0.9 आला आणि हायसं वाटलं. गाइड सरांनी विचारलं, "फरक कुठे पडलाय?" बघितलं तर पहिला आणि दुसरा पुरवठादारच अदलाबदल झाले होते! पाच पर्यायांत शेवटचे दोघे बदलले तरी 0.9 च येतो, पण ऑर्डर पहिल्याला जाते. म्हणून त्या आकड्यासोबत पहिला क्रमांक टिकला का, हे वेगळं लिहा.

फरकाचं कारणही शोधा. माझ्याकडचा एक पुरवठादार स्वस्त होता, पण दर्जात फार मागे. टॉपसिस आदर्श आणि निकृष्ट पर्यायापासूनचं अंतर मोजते, त्यामुळे किमतीतल्या फायद्याने त्याची उणीव भरून निघाली. व्हिकोर एकूण बेरजेसोबत सगळ्यात वाईट निकषावरची तूटही स्वतंत्र धरते, तिथे तो दुसरा गेला. शिवाय व्हिकोरमध्ये पहिल्या दोघांच्या गुणांतला फरक पर्यायांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्याच्या व्यस्ताएवढा तरी लागतो. पाच पर्यायांना 0.25. माझा फरक त्याहून कमी होता, म्हणजे नियमाने दोघेही तडजोडीचे पर्याय ठरत होते. तसंच अहवालात लिहिलं. साहेबांनी तो वाचून दोघांकडूनही नमुन्याचे कास्टिंग मागवले.