पहिल्या प्रॅक्टिकमला निघण्यापूर्वी

अमेरिकेत क्लिनिकल सायकॉलॉजीची पीएचडी किंवा सायडी (PsyD, मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना बाह्यरुग्ण थेरपीची पहिली प्लेसमेंट (प्रॅक्टिकम, म्हणजे सुपरवायझरच्या हाताखालचं प्रत्यक्ष काम) मिळाली, की ते आधी थेरपीची मॅन्युअलं गोळा करत सुटतात. मॅन्युअल ऑक्टोबरातही वाचता येईल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आधी सीपीटीचं, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याच्या परवानगीचं बघा. पगार नाही म्हणजे सीपीटी लागत नाही, हे परस्पर ठरवू नका. विद्यापीठाच्या डीएसओला (परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसाचे कागद बघणारा अधिकारी) विचारा आणि लागत असेल तर परवानगी छापलेला नवा आय-२० (व्हिसासाठीचा विद्यापीठाचा दाखला) हातात आल्याशिवाय ओरिएंटेशनलाही बसू नका. आठवड्याला २० तासांपर्यंतचा सीपीटी अर्धवेळ धरला जातो. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले, तर त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित नोकरीची वेगळी परवानगी, गेली. वेटरन्स अफेअर्सच्या (माजी सैनिकांच्या सरकारी) दवाखान्यांवर मात्र जीव अडकवू नका, तिथे प्रशिक्षणार्थ्याला अमेरिकी नागरिकत्व लागतं.

मग आरोग्याचे कागद. घरी सांगून कपाटातली लसीकरणाची फाईल स्कॅन करून मागवा. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे टीबीची त्वचेवरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि छातीचा एक्स-रे वगैरे मागे लागतं. रक्ताची आयजीआरए चाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. बोटांचे ठसे, पार्श्वभूमीची तपासणी, विद्यार्थ्यांसाठीचा लायबिलिटी विमा (कामातल्या चुकीबद्दल दावा झाला तर) ही कामं रांगेने होतात, फक्त वेळ खातात.

सुपरवायझरशी पहिल्या भेटीत गोड बोलून उठू नका. आठवड्याची भेट कोणत्या वारी, किती वाजता, आणि ती रद्द झाली तर कधी? क्लायंट समोर बसलेला असताना गरज पडली तर दार वाजवायचं, फोन करायचा की मेसेज? सुपरवायझर रजेवर असेल तेव्हा कुणाकडे जायचं? ‘कधीही फोन कर’ हे उत्तर नव्हे. नंबर आणि दुसऱ्या माणसाचं नाव लिहून घ्या. एपीएची (अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची संघटना) मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांत प्रत्येक मूल्यमापनाच्या टप्प्यात तुमचं काम निदान एकदा तरी प्रत्यक्ष किंवा रेकॉर्डिंगवर पाहिलं जावं लागतं. तेव्हा रेकॉर्डिंग कोणत्या यंत्रावर, ते कुठे साठवायचं, कधी पुसायचं, हेही तिथेच विचारा. स्वतःच्या फोनवर तर मुळीच नको.

आता जी तयारी बहुतेकांची राहते ती: तोंडाने बोलायची वाक्यं. मी विद्यार्थी आहे, माझ्या कामाची जबाबदारी अमुक सुपरवायझरवर आहे, सत्र रेकॉर्ड करायला तुमची परवानगी हवी, आणि जूनअखेर मी इथून जाणार आहे. सुपरवायझरचं नाव क्लायंटला सांगणं हे एपीएच्या आचारसंहितेतच आहे. मनातल्या मनात ही वाक्यं सोपी वाटतात, पण विद्यार्थी असल्याचं सांगताना आपला आवाज नकळत माफी मागायला लागतो. रूममेटला समोर बसवून तो सूर जाईपर्यंत म्हणा.

पहिल्याच आठवड्यात हातात पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली येईल. शून्य ते २७ ची बेरीज करून फाईलला लावण्याआधी नववा प्रश्न बघा, तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. एकूण बेरीज चार आणि नवव्यावर एक, असा कागद किरकोळ म्हणून सहज नजरेतून सुटतो. माणूस खोलीत असतानाच त्याला विचारायचं. कोलंबिया स्केल (आत्महत्येचा धोका तपासायचे प्रश्न) आणि सेफ्टी प्लॅनचे (संकटात काय करायचं ते क्लायंटसोबत लिहायचं) कोरे फॉर्म कोणत्या ड्रॉवरमध्ये आहेत ते आदल्या दिवशीच पाहून ठेवा. ९८८ हा आत्महत्या-संकटाच्या हेल्पलाइनचा क्रमांक पाठ हवा. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय करायचं, याचा कायदा राज्यागणिक वेगळा आहे. थेरपिस्टने धोक्यातल्या माणसाचं संरक्षण करावं असं सांगणारा कॅलिफोर्नियातला १९७६ चा टॅरासॉफ निकाल वर्गात सगळे शिकतात. तुमच्या राज्यात काय चालतं ते क्लिनिकला विचारा. सत्र व्हिडिओवर असेल तर सुरुवातीलाच क्लायंट आत्ता कुठल्या पत्त्यावर बसलाय ते विचारा. तो शेजारच्या राज्यात बहिणीकडे गेला असेल, तर पुढे जाण्याआधी सुपरवायझरला गाठा, कारण राज्य बदललं की नियम बदलतात.

सत्राची नोट त्याच दिवशी लिहा, सुरू आणि संपल्याच्या वेळेसकट. बिलाचा कोड ३८ ते ५२ मिनिटांना ९०८३४, ५३ पासून पुढे ९०८३७. तो मिनिटांवर ठरतो.

तुमचं आडनाव बघून फ्रंट डेस्क एखादा मराठी क्लायंट तुमच्याकडे पाठवेल, आणि सगळ्यांना वाटेल की छान जमलं. पण सत्र मराठीत झालं तर सुपरवायझर टेप ऐकणार कशी? हे क्लायंट घेण्याआधी ठरवा. उताऱ्यांचं भाषांतर तुम्हीच करणार असाल, तर नेमकं तुमचं चुकलेलंच त्यातून गळण्याचा धोका आहे. मराठी कळणारी लायसन्सधारक व्यक्ती मिळाली तर उत्तम. समोरच्या बाईंना ‘काकू’ म्हणायचं की नाही, तेही आधीच ठरलेलं बरं. मी म्हणेन, नको. एकदा काकू झाल्या की त्यांना नवऱ्याबद्दलचा राग तुमच्यासमोर काढणं जड जाईल, आणि तुम्हाला विचारणं. शिवाय मंडळाच्या गणपतीत गाठ पडणारच. पहिल्याच सत्रात सांगून टाका: बाहेर दिसलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही दाखवलीत तर नमस्कार करेन, पण इथलं काही तिथे बोलणार नाही. त्या मंडळाच्या कार्यकारिणीत तुम्ही दोघंही असाल, तर तो क्लायंट दुसऱ्याकडे द्यायचा का, ते आधी सुपरवायझरशी बोला.

तास रोज नोंदवा. इंटर्नशिपच्या एपीपीआयसी (इंटर्नशिप देणाऱ्या केंद्रांची संघटना) अर्जात ४५-५० मिनिटांचं सत्र एक तास धरता येतं. थेट क्लायंटसोबतचे तास, सुपरव्हिजनचे आणि बाकी कामाचे वेगळे लागतात. ते वर्षाअखेर आठवून लिहिता येत नाहीत. सुपरवायझर नोकरी बदलतात, म्हणून सही दर सेमिस्टरअखेर घ्या. आणि मार्च उजाडला की प्रत्येक क्लायंटशी जूनचा विषय पुन्हा काढा, कारण सप्टेंबरात सांगितलेलं बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. पुढे कुणाकडे जायचं, प्रतीक्षा किती, नव्या थेरपिस्टला काय सांगितलेलं चालेल, हे त्यांच्यासोबत बसून लिहा. शेवटच्या सत्राला कुणी डबा भरून शंकरपाळे आणेल. भेटवस्तूंबाबत क्लिनिकचा नियम काय आहे, ते मेमध्येच विचारून ठेवा.