रेड लावायच्या आधी हाताशी काय काय हवं

शनिवारी संध्याकाळी एमजी रोडवरून दोन डिस्क आणल्या आणि रात्री जेवण झाल्यावर लगेच पेचकस घेऊन बसलो, असं करू नका. रेड म्हणजे पीसीत दोन किंवा जास्त डिस्क एकत्र जोडून एकच असल्यासारख्या वापरणं, त्यासाठी आधी एक दिवस नुसत्या तयारीला द्या. सगळ्यात पहिलं म्हणजे आत्ता जो डेटा आहे त्याची कॉपी तिसऱ्याच डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा, कारण अॅरे, म्हणजे असा जोडलेल्या डिस्कचा संच, बनवताना त्यातल्या डिस्क पुसल्या जातात हे धरूनच चालायचं.

आणि हे मनात पक्कं करा की रेड म्हणजे बॅकअप नाही. आमच्या दादांचा दिंडोरीच्या द्राक्षबागेचा हिशोब, फवारणीच्या तारखा, मजुरी, सगळं एका एक्सेल फाईलमध्ये होतं, एकदा चुकून कोरी शीट सेव्ह झाली आणि मिरर, म्हणजे दोन्ही डिस्कवर तेच लिहिणारं रेड, असल्यामुळे दोन्ही डिस्कवर त्याच क्षणी कोरी झाली. आधीच्या रविवारचा बॅकअप कपाटात होता म्हणून हिशोब परत मिळाला. डिस्क मेली तरी काम चालू राहावं एवढ्यासाठीच रेड.

घरासाठी मी रेड १ च, म्हणजे मिररच, सांगेन. चार टीबीच्या दोन डिस्क लावल्या की जागा एकाचीच मिळते आणि विंडोजमध्ये ती ३.६३ दिसते, घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. तीन डिस्कचं रेड ५ केलं तर आठ टीबी मिळतात पण लिहिता लिहिता लाईट गेली तर पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला लागणारी जास्तीची माहिती, अर्धवट राहू शकते, आणि नाशकात जूनचं पहिलं वारं सुटलं की लाईट किती वेळा डोळे मिचकावते ते आपल्याला माहितीये. म्हणून यूपीएस आधी, अॅरे नंतर. घरात इन्व्हर्टर आहे ना, असं म्हणू नका, तो चालू व्हायला जो क्षणभर लागतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. यूपीएस यूएसबीने जोडून आपोआप शटडाऊनचं सेटिंग पण करून ठेवा.

डिस्क घेताना सीएमआर आहे का विचारा, हे डिस्कवर लिहिण्याच्या पद्धतीचं नाव, दुसरी पद्धत एसएमआर, आणि एसएमआरवाली अॅरे परत भरताना फार रडवते. शक्यतो दोन्ही एकाच खोक्यातल्या नकोत, एकाच लॉटच्या डिस्क आगेमागे जाऊ शकतात. आता छोटं पण महत्त्वाचं काम, प्रत्येक डिस्कच्या सिरीयल नंबरचे शेवटचे चार आकडे कागदी टेपवर मार्करने लिहून केबलच्या बाजूला, वरून दिसेल असं चिकटवा. खराब डिस्क काढायच्या घाईत चांगली काढली तर सगळंच गेलं.

बायोसच्या, म्हणजे पीसी चालू होतानाच्या सेटिंगच्या, सगळ्या स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढा. विंडोज आधीच असेल तर त्यातला साटा मोड, म्हणजे डिस्क कशा चालवायच्या ते सेटिंग, नेहमीच्या एएचसीआयवरून रेडवर सरळ बदलू नका, विंडोज चालू होणं बंद होऊ शकतं. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला कुलूप लावणं, चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहा, त्याच पीसीत ठेवून काय उपयोग.

पेन ड्राइव्हवर क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला टाका, यांनी डिस्कचा क्लोन म्हणजे हुबेहूब कॉपी घेता येते, आणि टाकून ठेवून देऊ नका, त्यावरून एकदा पीसी चालू करून बघा. क्लोन ज्या डिस्कवर घ्यायचाय ती मूळ डिस्कएवढी किंवा मोठी घ्या. क्लोन झाला की मूळ डिस्कची केबल काढा आणि मगच क्लोनवरून बूट करा, दोन्ही जोडलेल्या असतील तर आयडी सारखेच असतात आणि नेमकी कोणती चालू झाली ते कळतच नाही.

लिनक्सवाल्यांनी एमडीएडीएम, म्हणजे लिनक्सचं रेडचं साधन, लावताना पीसी ज्यावरून सुरू होतो ते ईएफआय पार्टिशन दोन्ही डिस्कवर करा, लिनक्स सुरू करणारा बूटलोडर पण दोन्हीकडे, नाहीतर पहिली डिस्क गेल्यावर डेटा शाबूत आणि पीसी काही सुरू होत नाही. अॅरेची स्थिती दाखवणारी एमडीस्टॅट फाईल बघितली की चौकोनी कंसात दोन यू दिसतात, म्हणजे दोन्ही डिस्क चालू, पीसी बंद करून पहिल्या डिस्कची केबल काढा, परत चालू करा, एका यूच्या जागी खाली रेघ आली आणि तरी लॉगिन झालं, तर जमलं. चार टीबी परत सिंक व्हायला सात-आठ तास सहज जातात, तेवढा वेळ हातात असेल त्याच दिवशी हे करा.

कपाटातली बॅकअप डिस्क शेवटी घराबाहेर न्या, माझी नाशिकरोडला ताईकडे असते, महिन्याच्या पहिल्या रविवारी जेवायला जातो तेव्हा जुनी घेऊन येतो, नवी ठेवून येतो.